धुक्यातील छाया

नागपूर हे नाव उच्चारले की उर्वरित महाराष्ट्रातील वाचकाच्या मनासमोर जे चित्र उभे राहते ते बहुधा वैशाखातल्या वितळत्या डांबराचे, दुपारी ओस पडलेल्या रस्त्यांचे आणि खिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या तट्ट्यांचे असते. धुक्याचा मान आपण महाबळेश्वर, आंबोली, माळशेज अशा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील स्थळांना, आणि विदर्भापुरते बोलायचे झाले तर मेळघाटातल्या चिखलदऱ्याला, वंशपरंपरागत इनाम म्हणून केव्हाच बहाल करून टाकला आहे. प्रवाशाच्या दृष्टीने हा निवाडा चुकीचा नाही. परंतु हातात कॅमेरा घेऊन प्रकाश आणि छाया यांचा मेळ शोधीत हिंडणाऱ्या माणसाने तो जसाच्या तसा मान्य करू नये, असे माझे मत आहे, आणि त्या मताची कारणे सविस्तर मांडणे हाच या प्रस्तावनेचा मुख्य हेतू आहे.

घाटमाथ्यावर आषाढ-श्रावणात आपण ज्याला धुके म्हणतो ते वस्तुतः डोंगराच्या अंगाखांद्यावर उतरलेले ढग असतात. त्यांच्या वर आणखी ढगांचे थर असतात, सूर्य त्या सर्वांच्या पलीकडे कोठे तरी असतो, आणि जो उजेड खाली झिरपतो तो दाही दिशांनी सारखाच येत असल्यामुळे झाडाला, माणसाला किंवा कड्याला सावली अशी उरतच नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटर उंचीवर पसरलेल्या नागपूरच्या मुलखातले मार्गशीर्ष-पौषाचे धुके निराळ्या कुळातले आहे. ते निरभ्र आकाशाखाली, जमिनीलगत जन्म पावते. त्याचा थर पुष्कळदा एखाद्या जुन्या चिंचेच्या शेंड्यालाही पोचत नाही. आणि म्हणून सूर्य क्षितिजावर आला की त्याचे किरण या पातळ थरात तिरपे शिरतात, वाटेतल्या प्रत्येक फांदीला आपली हजेरी देतात, आणि फांदीमागच्या हवेत काळसर पट्टे ओढीत पुढे सरकतात. प्रकाशाला दिशा असेल तरच छाया संभवते; ज्या धुक्याच्या डोक्यावर मोकळे आकाश आहे त्याच धुक्यात समतोलाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उपस्थित होतो. घाटावरचे धुके पाहावयास अधिक रम्य असेल. चित्रासाठी नागपूरचे धुके अधिक विचारी आहे.

या धुक्याची घडण समजून घेतल्यावाचून त्याच्यासाठी पहाटे उठण्यात अर्थ नाही. रात्री आकाश मोकळे असले की जमीन दिवसा साठविलेली उष्णता अवकाशात टाकून देते, तिच्यालगतची हवा थंड होत जाते, आणि त्या हवेत पुरेसा ओलावा असून वारा अगदी मंद असला तर पहाटेच्या सुमारास बाष्पाचे सूक्ष्म थेंब होऊन ते हवेतच तरंगत राहतात. वारा सर्वस्वी पडला तर तो ओलावा दव होऊन गवतावर बसतो. वारा वाढला तर वरची कोरडी हवा खाली मिसळून सारा थर विस्कटतो. थंडी कडाक्याची म्हणून धुकेही दाट असेल हा समज खोटा आहे. २०१८ सालच्या २९ डिसेंबरला नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. परंतु उत्तरेकडून येणारे असे कोरडे गारठे छायाचित्रकाराच्या बहुधा कामाचे नसतात. त्याने वाट पाहावी ती अवकाळी पावसाची एखादी सर पडून गेल्यानंतर आकाश उघडते त्या रात्रीची, कारण तेव्हा काळ्या जमिनीच्या अंगात ओल असते आणि वर आकाश स्वच्छ असते. तलावांवरचा प्रकार याहून वेगळा. हिवाळ्याच्या तोंडी पाणी अजून उबदार असते, काठावरून घरंगळत येणारी हवा थंड असते, आणि त्या भेटीत पाण्यातून वाफ उठून तिचे लहान लहान स्तंभ पृष्ठभागावर चालू लागतात. हे धुके पुरुषभर उंचीचेही नसते आणि सूर्य जरा वर येताच नाहीसे होते. हवामान खाते दृश्यता १००० मीटरच्या खाली गेली की धुके म्हणते, ५० ते २०० मीटर असली की दाट धुके आणि ५० मीटरच्या आत आली की अतिदाट. शेवटचे दोन प्रकार मोटार हाकणाराने भ्यावे असे आणि चित्रकाराने सोडून द्यावे असे आहेत. आपला सारा व्यवहार २०० आणि १००० मीटर या दोन आकड्यांच्या दरम्यान चालतो.

आता मुख्य बाबीकडे वळू. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा पुष्कळच मोठे असल्यामुळे ते सर्व रंगांचा प्रकाश जवळजवळ सारखाच विखुरतात. म्हणून धुके पांढरे दिसते. पण पांढरेपणाहून महत्त्वाची गोष्ट अशी की, आपण आणि वस्तू यांच्यामधली हवा स्वतःच प्रकाशमान होऊन वस्तूवर एक उजळ आवरण घालते, आणि अंतर वाढत जाईल तसतसे ते आवरण जाड होत जाते. जर्मन शास्त्रज्ञ कोश्मीडर यांनी १९२४ साली या घटनेचा नियम बांधून दिला: वस्तू आणि तिच्यामागचे क्षितिज यांच्या उजेडातला भेद अंतराबरोबर ठरावीक प्रमाणात घटत जातो, आणि तो मूळच्या दोन टक्क्यांवर आला की वस्तू दिसेनाशी झाली असे मानावयाचे. दृश्यता १००० मीटर आहे असे धरून हिशेब मांडला, तर १०० मीटरवरच्या झाडाच्या बाबतीत ६८ टक्के भेद शिल्लक राहतो, २५० मीटरवर ३८ टक्के, आणि ५०० मीटरवर अवघा १४ टक्के. हेच छायाचित्रकाराच्या परिभाषेत सांगायचे तर वीस मीटरवर उभे असलेले काळेकुट्ट खोड मागच्या धुक्याहून पावणेचार स्टॉपनी गडद येईल, १०० मीटरवरचे साधारण दीड स्टॉपने, आणि २५० मीटरवरचे फार तर दोनतृतीयांश स्टॉपने. म्हणजे दूरची वस्तू जन्मतः कितीही काळी असो, धुक्याच्या अमलात तिला काळे राहण्याची परवानगी नाही.

या साध्या गणितातून जो निष्कर्ष निघतो तो या विषयाचा गाभा आहे, आणि आश्चर्य असे की मार्गदर्शक पुस्तकांतून तो क्वचितच स्पष्ट शब्दांत सांगितला जातो. धुक्याच्या चित्रात प्रकाश फुकट मिळतो. छाया कमवावी लागते, आणि ती कमवावी लागते आपल्यापासून पहिल्या वीस-तीस पावलांच्या आत. समतोल म्हणजे दोन वारसांत केलेली निम्मी-निम्मी वाटणी, अशी समजूत करून घेऊन जे या चित्रांकडे पाहतात त्यांना ती असंतुलित वाटण्याचा संभव आहे, कारण त्यांत शेकडा नव्वद भाग उजेडाचा आणि जेमतेम दहावा हिस्सा अंधाराचा असतो. परंतु तो दहावा हिस्सा जर योग्य जागी आणि खऱ्या अर्थाने गडद असेल, तर बाकीच्या नव्वद भागांना उजेड म्हणून ओळख मिळते. तो नसेल तर तेच नव्वद भाग नुसता मळकट कागद होऊन राहतात. एक बाभळीची फांदी, एका डोंग्याचा नाळेकडचा भाग, बांधावर बसलेल्या माणसाची पाठमोरी आकृती, एवढी छाया पुरते. ती जास्त झाली तर धुके तिच्या मागे दडपून जाते आणि चित्र केवळ आकृतिरेखेचे उरते.

येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. नागपूर हे शून्य मैलाच्या खांबाचे गाव. एका काळी हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या तंबूंना या मुलखातली हवा फार जवळून ठाऊक होती. त्या प्रचंड कामाचे प्रवर्तक विल्यम लॅम्ब्टन हे नागपूरकडे येत असता १८२३ च्या २० जानेवारीस वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे निवर्तले, आणि त्यांचे दफनही तेथेच झाले. दुर्बिणीतून मैलोगणती दूरचे निशाण टिपणाऱ्या या माणसांना धुके आणि धूसर हवा म्हणजे सरकारी कामातली खोटी होती. त्यांच्या मागून अधिकारावर आलेल्या एव्हरेस्ट यांनी तर दिवसाचा नाद सोडून रात्री दिवे लावून वेध घेण्याची तजवीज केली. ज्या हवेने भूमापकाला अंतर नाकारले तीच हवा छायाचित्रकाराला अंतर दाखविण्याचे एकमेव साधन पुरविते, कारण सपाट कागदावर जवळ आणि दूर यांचा भेद धुक्याइतक्या स्वस्तात दुसरे कोणी करून देत नाही.

छायाचित्रणाच्या आरंभकाळात मात्र धुके हा विषय नव्हता, दोष होता. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी एतद्देशीय मंडळी तीत हौसेने वावरू लागली, तेव्हा हाती असलेल्या काचा केवळ निळ्या-जांभळ्या उजेडाला जाग्या होणाऱ्या होत्या. दूरच्या डोंगरावरची निळसर धूसरता त्या काचांवर सरळ पांढरी उमटे, आणि डोळ्यांना दिसणारा डोंगर चित्रातून गळून जाई. बर्लिनच्या फोगेल यांनी १८७३ साली रंगद्रव्ये मिसळून काचांना हिरव्या-पिवळ्या उजेडाची जाण दिली, त्यानंतर कोठे विरळ धुक्यातील मधल्या छटा टिपणे शक्य झाले. इंग्लंडात पीटर हेन्री इमर्सन यांनी नॉरफोकच्या पाणथळ प्रदेशात या शक्यतेचा असा उपयोग केला की १८९५ सालच्या त्यांच्या शेवटच्या चित्रसंग्रहात कित्येक पाने जवळजवळ रिकामी भासतात: एखादी काटकी, एखादी होडी, बाकी सर्व हवा. याच इमर्सन यांची एक कथा उद्बोधक आहे. छायाचित्रकार छटांचे परस्परप्रमाण आपल्या मर्जीप्रमाणे बदलू शकतो, असा त्यांचा आग्रह होता. १८९० साली हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघा संशोधकांनी मोजमापे करून दाखविले की ते प्रमाण पुष्कळ अंशी प्रकाशाची मात्रा आणि काचेचा गुणधर्म यांनी ठरून जाते. आणि इमर्सन यांनी आपले मत जाहीरपणे मागे घेऊन छायाचित्रण ही कलाच नव्हे असे प्रतिपादन केले. त्यांनी घाई केली असे मला वाटते. प्रमाण जर रसायनाने ठरते तर ते अंधारखोलीत नव्हे, कॅमेरा रोवण्यापूर्वी ठरवावे लागते, एवढाच त्या शोधाचा अर्थ होता. आणि कोठे उभे राहावे हे ठरविणे कलेच्या हद्दीबाहेरचे कृत्य आहे असे कोण म्हणेल? बेल्जममधले लिओनार मिझोन, शिक्षणाने खाणींचे इंजिनियर, पुढे आयुष्यभर सूर्यासमोर कॅमेरा धरून धुकट सकाळीच टिपीत राहिले. आणि या सर्वांच्या तीनशे वर्षे आधी जपानात हासेगावा तोहाकू यांनी पडद्यांवर पाइन वृक्षांचे जे प्रसिद्ध चित्र काढले, जे आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, त्यात धुके रंगविलेलेच नाही. कोऱ्या कागदालगत शाईचे चार जोरकस फटकारे ओढले, आणि धुके आपोआप झाले.

यंत्राची बाजू आता थोडक्यात. प्रकाशमापकाची समजूत अशी असते की समोरचे जग सरासरीने मध्यम करडे, म्हणजे पडलेल्या प्रकाशाचा १८ टक्के भाग परत धाडणारे आहे. त्याला धुके दाखविले तर तो त्यालाही करडेच करून टाकतो, आणि पहाटेचा मोत्यासारखा उजेड संध्याकाळच्या राखेसारखा येतो. म्हणून मापकाच्या सांगण्यापेक्षा एक ते दीड स्टॉप अधिक प्रकाश द्यावा. १९४० च्या सुमारास ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी छटांच्या ज्या पायऱ्या ठरविल्या त्यांच्या भाषेत धुक्याचा मुक्काम पाचव्या पायरीवर नव्हे, सहाव्या-सातव्या पायरीवर हवा. फिल्म वापरणाऱ्यांच्या पिढीने, उदकमंडलमच्या सरकारी कारखान्यातली ‘इंदू’ फिल्म ज्यांनी हाताळली त्यांनीही, दुसरा एक उपाय केला: धुक्यातला भेद मुळातच थोडा असल्यामुळे डेव्हलपरमध्ये फिल्म नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवून तो ताणून घ्यावयाचा. आजच्या कॅमेऱ्यात ताणण्याचे काम नंतर होते, पण सूर्याची चकती चौकटीत असेल तर तिच्या भोवतीचा उजेड एकदा जळाला की कोणत्याही उपायाने परत येत नाही, हे ध्यानात ठेवून अधिकच्या प्रकाशाला तेथे लगाम घालावा लागतो. लाल काच लावून धुके कापता येते असा एक प्रवाद आहे. उन्हाळ्यातील निळसर धूसरतेपुरता तो खरा आहे, परंतु धुक्याच्या मोठ्या थेंबांपुढे लाल काचेचे काही चालत नाही.

दिशेचा प्रश्न याहून निकडीचा आहे. पौषाच्या आरंभी नागपुरात सूर्य सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांच्या सुमारास उगवतो, आणि तो नेमका पूर्वेला न उगवता पंचवीस अंश आग्नेयेकडे कललेला असतो. तासाभरात तो जेमतेम बारा अंश वर येतो. वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी तर मध्यान्हीही त्याची उंची पंचेचाळीस अंशांपलीकडे जात नाही. एवढी माहिती पदरी असली की अंबाझरीला जाणाऱ्या पुष्कळ हौशी मंडळींची चित्रे निर्जीव का येतात याचा खुलासा होतो. त्या तलावाची भिंत शहराच्या बाजूला, म्हणजे पूर्वेला आहे. नाग नदी तिकडूनच गावात शिरते. आणि माणसे सोयीसाठी भिंतीवर उभी राहतात. त्यांच्या पाठीमागे सूर्य असतो, समोरचे धुके पुढून उजळलेले असते, प्रत्येक झाडाची सावली त्या झाडाच्याच आड लपलेली असते, आणि हाती येतो तो नुसता पांढरा पडदा. पश्चिमेच्या काठाला जाऊन शहराकडे तोंड केले तर तेच पाणी, तेच धुके, पण आता प्रत्येक खोडाची काळी बाजू आपल्याकडे आणि उजळ कड आकाशाकडे. सूर्य अगदी समोर घेऊ नये. एखाद्या बुंध्याआड दडवावा, किंवा चौकटीबाहेर हातभर ठेवावा. धुके पुढच्या दिशेने प्रकाश फार जोराने फेकते, त्यामुळे सूर्याच्या जवळचा भाग झगझगीत आणि दूरचा मंद, असा उजेडाचा उतार एकाच चौकटीत आयता मिळतो.

नागपूरच्या ईशान्येला रामटेकची टेकडी आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कालिदासाचा रामगिरी तो हाच असे आग्रहाने प्रतिपादिले, आणि नागपूरकर तो निकाल अपिलात जाऊ देणार नाहीत. मेघदूताचा मेघ आषाढातला, आपले धुके पौषातले, हे मला ठाऊक आहे. तरी मेघ म्हणजे धूर, तेज, पाणी आणि वारा यांचा समुदाय, हे कविकुलगुरूंनी केलेले पृथक्करण धुक्यालाही तंतोतंत लागू पडते, आणि त्यातला धूर तर विशेष. बाष्पाला थेंब होण्यासाठी हवेत तरंगणारे सूक्ष्म कण आधाराला लागतात, आणि चुलीचा, शेकोटीचा धूर ते मुबलक पुरवितो, ही गोष्ट विज्ञानाला फार उशिरा समजली. रामटेकचा छायाचित्रणदृष्ट्या विशेष असा की तेथे उंची आहे. पायथ्याच्या अंबाळा तलावावरून धुके उठते, खाली मंदिरांचे कळस त्यात बुडालेले असतात, आणि टेकडीच्या माथ्यावर उभा असलेला माणूस स्वच्छ उन्हात असतो. म्हणजे प्रकाश येथे पायाखाली आणि छाया डोळ्यांच्या पातळीवर, अशी सपाटीवरच्या रचनेची उलटापालट होते. अशा वेळी गडद भाग चौकटीच्या तळाशी ठेवण्याचा जो सर्वसाधारण दस्तूर आहे तो मोडावा लागतो. वाकाटककालीन देवळाचा छायेतला दगड एका बाजूला उभा घेऊन उरलेली सर्व जागा खालच्या उजेडाला देणे मला अधिक योग्य वाटते.

पूर्वेकडे भंडारा-गोंदियाच्या बाजूस गेले की मालगुजारी तलावांचा प्रदेश लागतो. कोहळी समाजाच्या पिढ्यांनी उताराचा अचूक अंदाज घेऊन बांधलेले हे तलाव इंग्रजी अमलात मालगुजारांच्या दप्तरी नोंदले गेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, नाव मात्र राहिले. नवेगाव बांध हा त्यांतला थोर. वनाधिकारी म्हणून तेथे राहिलेल्या मारुती चितमपल्ली यांनी आपल्या गद्यातून या पाण्याची आणि पाखरांची ओळख साऱ्या महाराष्ट्राला करून दिली, आणि कॅमेरा घेऊन तेथे जाणाऱ्याने ते लेखन आधी वाचावे अशी माझी शिफारस आहे, कारण पहाटे काय हालणार आहे हे ठाऊक असलेल्यालाच छाया कोठून येणार याचा अंदाज बांधता येतो. ढिवराचा डोंगा पाण्यालगत इतका बुटका असतो की वाफेच्या थरात तो अर्धा बुडतो. दिसतो तो फक्त बांबू रोवणाऱ्या माणसाचा वरचा देह. बांधावरच्या मोहाच्या आणि पळसाच्या पानांना मागून ऊन लागले की ती छायाही नसतात आणि प्रकाशही नसतात, तांबूस काचेसारखी मधलीच काही वस्तू असतात. कृष्णधवल चित्रात ही मधली छटा हरवते. म्हणून नवेगावपुरता मी रंगाचा पक्ष घेतो, इतरत्र नाही.

धुक्यात छायेचा जो सर्वांत नवलाचा आविष्कार आहे तो मात्र विदर्भात नाही, सह्याद्रीत आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर सूर्य पाठीशी आणि धुके दरीत समोर असता पाहणाऱ्याची स्वतःची सावली त्या धुक्यावर पडते आणि तिच्या मस्तकाभोवती रंगांची वर्तुळे उमटतात. याला आपण इंद्रवज्र म्हणतो. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या हवामानावरील आपल्या निबंधात, जो १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला, या दृश्याचे वर्णन नोंदविलेले आहे. येथे छायाच प्रकाशाला बोलावून आणते. परंतु प्रत्येकाला आपलेच इंद्रवज्र दिसते, शेजाऱ्याचे नाही, त्यामुळे अशा चित्रात चित्रकार स्वतःच विषय होऊन बसतो, आणि म्हणून चमत्कार म्हणून मी त्याला वंदन करतो, निसर्गचित्र म्हणून दुय्यम समजतो.

पांढऱ्या हवेला सरसकट धुके म्हणू नये, हाही इशारा दिला पाहिजे. शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा येथील वीजकेंद्रे आहेत, गावात वाहने आहेत, कडेला पेटलेला कचरा आहे. हिवाळ्यातल्या स्थिर हवेत हा सारा धूर जमिनीलगत कोंडून राहतो. काजळीचे कण प्रकाश विखुरण्याऐवजी गिळतात, त्यामुळे त्या हवेत चकाकी नसते, सूर्य तांबूस आणि मलूल दिसतो, आणि छाया गडद न होता फक्त गढूळ होते. अशा सकाळचे चित्र काढावे, अवश्य काढावे, पण धुक्याची शोभा म्हणून ते खपवू नये. त्याचप्रमाणे ज्या सकाळी आपण आनंदाने बाहेर पडतो त्याच सकाळी काटोलकडचा शेतकरी तुरीच्या फुलोऱ्याकडे चिंतेने पाहत असतो, कारण सलग दोन-चार दिवस धुई राहिली की फूल गळते आणि अळीला रान मोकळे होते. बांधावर त्याची परवानगी मागताना हे लक्षात असावे.

राहता राहिला प्रश्न नंतरच्या संस्काराचा, आणि येथे माझे मत कडक आहे. आजच्या संगणकीय साधनांत धुके पुसून टाकण्याची एक कळ असते; ती सरकविली की दूरची झाडे काळी होतात, आकाश निळे होते, आणि निसर्गाने अंतराच्या हिशेबाने जो भेद घटवीत नेला होता तो माणूस सर्वत्र सारखा करून ठेवतो. अडीचशे मीटरवरचे झाड वीस मीटरवरच्या झाडाइतके काळे झाले की डोळा ते जवळचे समजतो. म्हणजे चित्र अधिक स्पष्ट झाले नाही, खोटे झाले. दोनतीन निरनिराळी एक्स्पोजरे एकत्र करून छायेतला प्रत्येक तपशील वर काढण्याची पद्धतही धुक्याच्या बाबतीत तितकीच घातक आहे, कारण जो थोडका काळा भाग आपण इतक्या सायासाने मिळविला तोच ती विरघळवून टाकते. जवळच्या वस्तूचा काळा रंग थोडा अधिक खोल करणे, डार्करूममध्ये हाताच्या सावलीने पूर्वी जे करीत ते करणे, येथपर्यंतच माझी संमती आहे. दूरच्या भागाला हात लावू नये.

छपाईत या चित्रांची शेवटची कसोटी लागते. धुक्याच्या उजळ छटा छापखान्यात अत्यंत बारीक ठिपक्यांनी दाखवाव्या लागतात. ठिपका जरा फुगला की धुके राखाडी होते, जरा बारीक झाला की तेथे कागद कोरा उरतो. त्यात वाचकाच्या हातूनही फेरफार होऊ शकतो. तेव्हा विनंती अशी की पुढील पानांतील चित्रे रात्री विजेच्या दिव्याखाली पाहू नयेत. दिवसा, उत्तरेकडच्या खिडकीपाशी, जेथे थेट ऊन येत नाही अशा उजेडात, पुस्तक हातभर अंतरावर धरून पाहावीत, आणि गुळगुळीत कागदावर खिडकीचे प्रतिबिंब पडू लागले तर पान थोडे तिरपे करावे.